मधला पाय कुणाचा

सरांना कोणी नमस्कार केला की ते आधी मागे वळून बघायचे. हा नमस्कार आपल्यालाच आहे ना, की मागे दुसरं कोणी उभं आहे? मग समोरच्याकडे बघायचे, याचं काय काम असेल. आणि काम काहीच नाही असं कळलं, की आणखी सावध व्हायचे. बिनकामाचा नमस्कार करणारा माणूस त्यांच्या लेखी सगळ्यात डेंजर.

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्याच डिपार्टमेंटला नोकरीला लागले. ते रिटायर झाल्यावरही आमचं सुटलं नाही. त्यांना माझ्यावर नजर ठेवायची होती आणि मला, खरं सांगते, त्यांच्याशिवाय करमत नव्हतं.

पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी मला शून्य दिलं होतं. टाचणीवर लावलेला एक पिवळा-काळा पट्ट्यांचा किडा समोर ठेवला, खाली चिठ्ठी, 'मधमाशी'. मी आपली चित्र काढून, भाग दाखवून, वर झोकात 'मधमाशी' लिहून मोकळी. सर आले, म्हणाले, "पंख किती?"

"दोन."

"मधमाशीला किती असतात?"

"चार."

"मग? चिठ्ठी वाचलीस की किडा पाहिलास?"

चिठ्ठी त्यांनी मुद्दाम खोटी लावली होती. मधमाशीचं सोंग घेणारी ती साधी माशी होती. सगळ्या वर्गाला शून्य मिळालं आणि सर त्या दिवशी चक्क खुशीत होते. पोरांनी बाहेर जाऊन त्यांना काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिता येणार नाही. मीही घातल्या. पण त्यानंतर मी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचते.

माझी पीएच.डी. झाली तेव्हा पेढे घेऊन गेले. पेढा हातात घेऊन त्यांनी वास घेतला, बशीत ठेवला आणि विचारलं, "कोणी लिहून दिली?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आठवड्याने त्यांचा फोन. अख्खा प्रबंध वाचून काढला होता. म्हणाले, "तूच लिहिलायस. चुका तुझ्याच आहेत." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला आयुष्यात मिळालं नाही. पेढा मात्र त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही, असं काकू सांगतात.

काकू म्हणजे सरांची बायको. माहेर वेंगुर्ल्याचं. त्यांच्या लग्नाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकावी. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं, मुलगा मुंबईला प्रोफेसर आहे, माश्यांवर संशोधन करतो. काकूंच्या वडिलांनी ऐकलं 'माशांवर'. घरात आनंदीआनंद. माशांतला शिकलेला जाणकार जावई, आणखी काय पाहिजे कोकणातल्या माणसाला! लग्नानंतर पहिल्यांदा जावई घरी आले तेव्हा सासऱ्याने बाजारातून आणलेला सरंगा पुढे ठेवला, म्हणाले, बघा ताजा आहे का. सर म्हणाले, मला काय कळतं त्यातलं, मी घरात येतात त्या माश्यांचं बघतो. "माझे बाबा दोन दिवस जेवले नाय गो," काकू हसत हसत सांगायच्या. "त्यांका वाटला, फसवल्यानी."

आणि सर? सरांना आजतागायत वाटतं, की मध्यस्थाला दोन्ही शब्द बरोबर ठाऊक होते.

त्यातही सगळ्या माश्या नाहीत हं. त्यांच्या माश्या वेगळ्या. लांबटांग्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, अंगाला हिरवी-तांबूस चमक, आणि पाय असे लांब की पानावर बसलेली माशी पानाला टेकतच नाही. तुमच्या खिडकीतल्या मनीप्लांटवरही बसत असेल, तुम्ही बघितली नसेल. यांच्या नरांच्या पायांना नखरे असतात. कोणाच्या पायाला केसांचा झुपका, कोणाच्या पायाचं टोक चपटं झेंड्यासारखं. मादीपुढे तो पाय हलवून दाखवायचा. मादीकडे असलं काही नसतं. म्हणून कोण कोणात मोडतं ते सगळं नरांच्या पायांवरून, पंखातल्या शिरांवरून ठरवायचं.

यावरून एकदा त्यांच्या बिल्डिंगमध्ये राडा झाला. सर गॅलरीत उभे राहून फोनवर मोठमोठ्याने बोलत होते, "नराची जात चटकन सांगता येते हो. मादीची सांगणं कठीण. तिच्या अंगावर खूणच नसते. ज्याच्याबरोबर सापडली त्याच्या जातीची धरायची आणि पुढे जायचं!" खाली बाकावर बायका बसल्या होत्या. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात.

"सर, हे जातीपातीचं बोलणं आपल्याकडे चालणार नाही. बायका भडकल्यात."

"कोणी ऐकलं? नावं सांगा."

"ते महत्त्वाचं नाही."

"तेच महत्त्वाचं आहे. ज्याने ऐकलं तो पूर्ण ऐकत होता की अर्धं?"

मग सरांनी त्यांना आत बसवून जात म्हणजे काय, चार जाती मिळून वरची प्रजाती कशी होते, पेपरवाले या दोन शब्दांचा रोज कसा खून करतात, ते सगळं ऐकवलं. सेक्रेटरी गप्प ऐकून गेले आणि खाली जाऊन वॉचमनला सांगितलं, या माणसाकडे कोण येतं-जातं जरा लक्ष ठेव. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा गेटवर माझी अर्धा तास चौकशी. मी सरांकडे तक्रार केली तर म्हणाले, "चांगला वॉचमन आहे."

आता त्यांच्या प्रजातीबद्दल. माशीची एखादी नवीन जात सापडणं ही चांगली गोष्ट, पण तशा सापडत असतात. अख्खी नवी प्रजाती उभी करणं म्हणजे नवीन घराणं सुरू करणं. सरांनी ते केलं होतं. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आरे कॉलनीतल्या एका ओहोळाकाठी त्यांना एक नर मिळाला. त्याच्या पंखाच्या शिरा एका घराण्याच्या आणि मधल्या पायाचं टोक चपटं, काळं-रुपेरी, ते भलत्याच घराण्याचं. दोन्ही एका अंगावर कधी कोणी पाहिलेलं नव्हतं. सरांनी नवी प्रजाती जाहीर केली. मान्यवरांनी मान डोलावली. पुस्तकांत नाव गेलं.

नाव त्यांनी आपल्या आईवरून ठेवलं. आई लालबागला गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची, विधवा बाई, सही करता येत नव्हती. सर सांगायचे, "तिचं नाव रेशनकार्डावर पण चुकीचं होतं. इथे बरोबर आहे." असं बोलताना त्यांचा आवाज एवढा मऊ व्हायचा, की हे तेच सर का, असा मलाच संशय यायचा.

पण एकच माशी! तीही नर, तिचाही डावा मधला पाय मुळातच तुटलेला. दुसरी कधी कोणाला मिळाली नाही. अशी मूळ माशी संग्रहालयात द्यायची रीत असते. सरांनी दिली नाही. "तिथे झुरळं आहेत," म्हणाले, "आणि माणसंही." ती त्यांनी घरी, कपड्यांच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे पेटीत ठेवली. पेटीवर एक केस आडवा चिकटवलेला असायचा, कोणी उघडली तर कळावं म्हणून. काकूंचा केस गळून तिथे पडला तरी घरात चौकशी समिती बसायची. "ह्येंका कोणाचोच भरवसो नाय गो," काकू मला म्हणायच्या, "माझोसुद्धा नाय."

दरवर्षी पावसाळा सरता सरता सर आरेला जायचे, ती दुसरी माशी शोधायला. सोबत पिवळ्या प्लॅस्टिकच्या वाट्या. वाटीत पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब. पिवळ्या रंगाला भुलून माश्या येतात आणि बुडतात. अशा वाट्या त्यांनी ओहोळाच्या काठाने ओळीत मांडल्या, तर पाड्यावरची एक आजी काठी घेऊन हजर.

"कुणावर करणी करतो रे?"

"माश्या धरतोय."

"माश्या धरायला माणूस अंधेरीहून येतो व्हय? खोटं बोलू नको!"

सरांना हा प्रश्न फार पटला. तिच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. पण म्हातारी आपल्या वाट्या उलथणार, हा संशय काही जाईना. आणि हा माणूस पाठ वळताच काहीतरी पुरणार, हा तिचा संशय जाईना. मग दोघंही दगडावर बसून राहिली. तो तिच्यावर पाळत ठेवून, ती त्याच्यावर. मी छत्री घेऊन बाजूला. दर पावसाळ्यात हेच. शेवटी शेवटी तर आजी लवकर येऊन बसलेली असायची आणि सरांना म्हणायची, "आज उशीर? कुठं गेलावतास?"

दुसरी माशी मिळाली नाही ती नाहीच.

मग बंगळुरूच्या एका मुलीचा ईमेल आला. या सगळ्या घराण्यांची मांडणी ती नव्याने करत होती, कोण कोणाचं नातलग ते तपासत होती. फार अदबीने लिहिलं होतं, की सर, आपल्या माशीच्या मधल्या पायाचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो मिळतील का?

"एवढी नम्र का आहे ती?" सर म्हणाले.

"संस्कार असतील, सर."

"दोन्ही बाजूंनी कशाला? एका बाजूने पुरत नाही?"

"ती तपासतेय. तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, तपासा म्हणून."

"मी तुम्हाला शिकवलं. तिला कोणी शिकवलं?"

बरेच दिवस त्यांनी उत्तरच दिलं नाही. रोज मला फोन, तिचा गाइड कोण, तो कोणाचा विद्यार्थी, त्याचं आणि आमच्या डिपार्टमेंटच्या जुन्या हेडचं काही सूत होतं का. मला समजत होतं काय चाललंय ते. त्या पायावर अख्खं घराणं उभं होतं आणि घराण्यावर आईचं नाव. ती मुलगी म्हणाली असती, हे काही खरं नाही, तर सगळंच बसलं असतं. शेवटी मीच एकदा चिडून म्हणाले, "सर, फोटो नाही पाठवला तर तिला जास्त संशय येईल." हे मात्र त्यांना लगेच पटलं.

पण नेमकं त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने धूसर दिसायचं. म्हणजे पेटी दुसऱ्या कोणीतरी उघडणं आलं. सरांनी मला रविवारी सकाळी बोलावलं. मी बोरिवलीहून, आदल्या दिवशी घरी आणून ठेवलेला कॉलेजचा मायक्रोस्कोप, त्याचा कॅमेरा, लॅपटॉप सगळं रिक्षात घालून नेलं. आत काकू घावणे घालत होत्या, तव्याचा चर्र आवाज येत होता. सर माझ्या मानेमागे उभे.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"पुन्हा धू. पंखा बंद कर. श्वास जोरात सोडू नकोस, पाय गळेल."

इतकी वर्षं ऐकत आलेली ती माशी मी पहिल्यांदा बघत होते. रंग उडाला नव्हता. हिरवी, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी कडेला लाल. आणि तो पाय, टोकाला खरंच झेंडा. मला भरून आलं. एका बाजूचे फोटो काढले, मग टाचणी फिरवून दुसऱ्या बाजूचे. पाय जिथे अंगाला मिळतो त्या सांध्यावर फोकस आणला आणि मला काहीतरी चकाकताना दिसलं.

उजेडाचं असेल म्हणून दिवा हलवला. चकाकी तिथेच. मोठं करून बघितलं. सांध्याभोवती वाळलेला थेंब होता.

"काय झालं?" मागून सर. "तू गप्प का झालीस?"

काय सांगणार होते मी? पण या माणसापुढे खोटं बोलणं मला कधी जमलेलंच नाही.

"सर, पाय चिकटवलेला आहे."

मला वाटलं, ओरडतील. ते खुर्ची ओढून हळूच बसले.

"हेडने केलं," ते म्हणाले. आमचे जुने हेड जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. "त्याच्याकडे लॅबची दुसरी चावी होती. मला बुडवायला केलं त्याने. मी तेव्हाच म्हणत होतो."

"सर..."

"किंवा कॉलेजच्या प्रदर्शनात एकदाच मांडली होती तेव्हा कोणीतरी. गोंद कसला आहे? पांढरा की पिवळट?"

"गुलाबी आहे, सर. फिकट गुलाबी."

ते पुढे वाकले. पट्टी नसलेला डोळा लॅपटॉपच्या अगदी जवळ नेऊन बघत राहिले. मग मागे टेकले.

"माझा डिंक आहे तो," म्हणाले.

मग हळूहळू सांगितलं. त्या पावसाळ्यात लॅबमधला डिंक संपला होता. घरून एक छोटी बाटली नेली होती, छान पातळ, लगेच वाळायचा. आरेहून आणलेल्या एका नळीत दोन नर होते. हिचे दोन्ही मधले पाय तुटलेले, दुसऱ्याचेही पाय गळून पडले होते. एक पाय तळाशी सुटा होता, तो यांनी उचलून या माशीला लावला.

"कशावरून हिचा?" मी विचारलं. अनेक वर्षांची सवय, प्रश्न तोंडातून निघून गेला.

"वाटलं," सर म्हणाले. "मला वाटलं, हिचाच. मग लावल्याचंच विसरलो. वर्षाने पेटी उघडली तर पाय अंगावर होता. अंगावर आहे म्हणजे हिचाच."

धड एका घराण्याचं, पाय दुसऱ्याचा. दोन्ही घराणी आरेत ढिगाने सापडतात. नवं काही नव्हतंच. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "सर, तिला फक्त अलीकडच्या बाजूचा फोटो पाठवला तर..."

"हे बघ," ते एकदम पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "एवढ्यासाठी मी कोणावर विश्वास ठेवत नाही. घे लिहायला. ही प्रजाती अस्तित्वात नाही. लेखकाच्या चुकीने दोन माश्यांचे भाग एकत्र आले. नाव रद्द समजावं."

"नाव..."

"हो. आईचं नाव. लिही."

मी लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, पुन्हा वाचून घेतलं. 'एकत्र आले' कापून 'एकत्र केले' करायला लावलं. लाज वाटते गं, म्हणाले, फार लाज वाटते. मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

एवढ्यात काकू घावण्यांची ताटं घेऊन आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं गं? मेली की काय माशी?"

"मेलेलीच होती, काकू," मी म्हणाले आणि रडता रडता हसले. मग सगळं सांगितलं. गुलाबी डिंकाचंही. त्या वाकून स्क्रीनवर बघायला लागल्या.

"हा डिंक नाही," त्या म्हणाल्या. "हे नेलपॉलिश. माझं. आमच्या दादाने दुबईहून आणलेलं." मग सरांकडे वळल्या. "अहो, ती बाटली तुम्ही नेलीत?"

"तुझ्या कपाटात होती. मी डिंक म्हणून..."

"मी घरभर शोधली होती. तुम्हाला विचारलं होतं."

"तू नेलपॉलिश विचारलंस. माझ्या डोक्यात तो डिंक होता."

काकूंनी ताटं टेबलावर ठेवली. एक घावणं खाली पडलं, कोणी उचललं नाही.

"तुम्हीच म्हणालात," त्या म्हणाल्या, "कामाच्या बाईवर लक्ष ठेव. आज बाटली गेली, उद्या मंगळसूत्र जाईल. मी काढली ना तिला. चार घरी सांगितलं, हात चलाख आहे म्हणून. तिची बाकीची कामंपण गेली. इथे दारात बसून रडत होती, पोराची शपथ घेत होती. तुम्ही इथेच पेपर वाचत होतात."

सर बसल्या जागी वाकले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी द्यायला गेले तर हातानेच नको म्हणाले.

"माशीचं निस्तरता येतं," ते म्हणाले. "चार ओळी छापल्या की झालं. हे कुठे छापू?"

काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"कुठे राहायची?"

"चकाल्याला कुठेतरी. ती वस्ती उठली कधीच. तिथे आता काचेच्या इमारती झाल्यात."

"नाव काय तिचं?"

"सुमन."

"पूर्ण नाव."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मला काय माहीत असणार? मग त्या सरांकडे वळून म्हणाल्या, "आम्ही सुमनच म्हणायचो हो. पुढचं कधी विचारलंच नाही."